पाठीचा बाक आणि छातीतली जागा

मराठीत कणा हा शब्द शरीरापुरता राहिलेला नाही. स्वाभिमानी माणसाला कणा असतो, लाचाराला तो नसतो. घरोघरी मुलांना उठताबसता मिळणारी सूचना म्हणजे 'ताठ बस'. आपल्या कथांमधली वाकड्या पाठीची माणसेही याच नजरेने पाहिलेली आहेत. मंथरेचे कुबड तिच्या मनाच्या वाकडेपणाची खूण ठरले, आणि कुब्जेचे भाग्य कशात, तर श्रीकृष्णाने तिला सरळ केले यात. जनकाच्या सभेत आपल्या देहाला हसणाऱ्यांना निरुत्तर करणारा अष्टावक्र हा एक मोठा अपवाद. पाठीचा बाक डोळ्यांना दिसतो, म्हणून तो दिसण्याचाच प्रश्न आहे असे आपण या सवयीने धरून चाललो. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची होते, एक खांदा वर दिसू लागतो, कपडे शिवताना दोन्ही बाजूंचे माप जुळत नाही आणि घर हादरते, कारण पुढे तिचे लग्न दिसत असते. चार वर्षांच्या मुलाची वाकडी पाठ मात्र 'मोठा झाला की होईल सरळ' म्हणून सोडून दिली जाते, आणि आजीचे कुबड 'वयच झाले आता' म्हणून. माझे म्हणणे असे आहे की ही काळजी नेमकी उलट्या जागी लागलेली आहे. आपण ज्या वयात सर्वांत जास्त घाबरतो, तिथे जिवाला धोका सर्वांत कमी असतो, आणि ज्या दोन टोकांच्या वयांकडे काणाडोळा करतो, तिथे हा बाक श्वासापर्यंत पोहोचतो.

हे समजण्यासाठी आधी छातीचा सांगाडा डोळ्यांसमोर आणायला हवा. बाजूने पाहिले तर प्रत्येकाच्या कण्याला नैसर्गिक वळणे असतात. मानेला आणि कमरेला तो आत वळतो, पाठीला थोडा बाहेर. मागून पाहिले तर तो सरळ दिसायला हवा. मागून पाहताना तो बाजूला झुकलेला दिसला तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि पाठीचा बाहेरचा बाक प्रमाणाबाहेर वाढला, म्हणजे आपण ज्याला पोक किंवा कुबड म्हणतो ते आले, तर कायफोसिस. अमेरिकी शल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ साली एक्स-रेवर बाक मोजण्याची रीत मांडली आणि आजही जगभर तीच वापरतात. तिच्यानुसार १० अंश किंवा त्याहून जास्त झुकाव असेल तरच स्कोलिओसिस म्हणायचे. पण एक्स-रे सपाट असतो आणि बाक सपाट नसतो. कणा बाजूला झुकतो तेव्हा मणके स्वतःभोवती पिळलेही जातात. पिळलेल्या मणक्यांना जोडलेल्या बरगड्या एका बाजूला मागे फुगतात, तर दुसऱ्या बाजूला एकमेकींवर दाटतात. पाठीवर जो उंचवटा दिसतो तो बहुधा मणक्याचा नसून या फिरलेल्या बरगड्यांचा असतो. म्हणजे बिघडते ती एकटी पाठ नाही. बरगड्यांच्या बारा जोड्यांनी बनलेला पिंजराच बिघडतो, आणि त्या पिंजऱ्यात फुप्फुसे आणि हृदय असते. श्वास घेताना हा पिंजरा भात्यासारखा उघडावा लागतो. तो पिळलेला, कडक झालेला असला तर प्रत्येक श्वासाला स्नायूंना जास्त कष्ट पडतात आणि आत येणारी हवा कमी होते.

आता सर्वांत जास्त घबराट उडवणाऱ्या वयाकडे पाहू. दहा ते सोळा या वयोगटात शंभरातल्या दोन-तीन मुलांच्या पाठीत मोजण्याजोगा बाक असतो, आणि बहुतेकांत त्याचे नेमके कारण सापडत नाही. घराण्यात असेल तर शक्यता वाढते, पण दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकून बसण्याने स्कोलिओसिस होतो याला पुरावा नाही. (जड दप्तराने पाठ दुखते, ते हलके असलेच पाहिजे, पण तो वेगळा प्रश्न आहे. 'तू नीट बसली नाहीस म्हणून हे झाले' असे मुलीला ऐकवणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे.) या मुलांचे पुढे काय होते? १९६८ साली स्वीडनमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतले चित्र भयंकर होते. उपचार न झालेले रुग्ण लवकर मरतात, अनेक जण कामाला निरुपयोगी होतात, बायका अविवाहित राहतात. त्या चित्राचा धसका वैद्यकानेही अनेक वर्षे बाळगला. पण त्या रुग्णांत सगळी सरमिसळ होती. पोलिओने स्नायू गेलेले, जन्मतःच मणके बिघडलेले, तान्हेपणी बाक आलेले आणि किशोरवयात आलेले असे सारे एकाच टोपलीत टाकलेले होते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने हा गुंता सोडवला. किशोरवयाच्या सुमारास बाक आलेल्या आणि कोणताही उपचार न झालेल्या ११७ जणांचा मागोवा त्यांनी पन्नास वर्षे ठेवला आणि निष्कर्ष २००३ साली छापले. या लोकांचे आयुर्मान इतरांएवढेच निघाले. जुनाट पाठदुखी मात्र ६१ टक्क्यांना होती, तर तुलनेसाठी घेतलेल्या समवयस्कांत ती ३५ टक्क्यांना होती. धाप लागण्याची तक्रार २२ टक्क्यांची होती आणि समवयस्कांत १५ टक्क्यांची. धाप लागणाऱ्यांत मुख्यतः ते होते ज्यांचा छातीच्या भागातला बाक ८० अंशांच्या पुढे गेला होता. दुखणे खरे आहे, दिसण्याची खंत खरी आहे, पण हे लोक जगले, त्यांनी संसार केले, नोकऱ्या केल्या. तेराव्या वर्षी आढळलेला पंचवीस अंशांचा बाक म्हणजे अकाली मृत्यूचे भाकीत नव्हे, हे आईवडिलांना पहिल्याच भेटीत कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

आणि आता तोच पंचवीस अंशांचा बाक दोन वर्षांच्या बाळाच्या पाठीत आहे असे समजा. आकडा तोच, पण अर्थ सर्वस्वी वेगळा. जन्माच्या वेळी फुप्फुसांतल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या पुऱ्या बनलेल्या नसतात. त्या प्रामुख्याने पहिल्या काही वर्षांत, साधारण आठव्या वर्षापर्यंत वाढतात. पाचव्या वर्षी छातीचे आकारमान प्रौढ माणसाच्या सुमारे ३० टक्के असते आणि दहाव्या वर्षी निम्मे. फुप्फुसाला वाढायला जागा लागते. ती जागा या वर्षांत मिळाली नाही तर पुढे पाठ कितीही सरळ केली तरी न वाढलेले फुप्फुस परत वाढत नाही. किशोरवयातल्या रुग्णाचे पूर्ण वाढलेले फुप्फुस दाबले जाते, बाळाचे मुळात घडतच नाही, इतका हा फरक आहे. स्वीडनमधल्याच संशोधकांनी १९९२ साली रुग्णांची वयानुसार फोड केली तेव्हा हेच समोर आले. ज्यांचा बाक लहानपणी सुरू झाला होता त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त होते, किशोरवयात सुरू झालेल्यांत ते वाढलेले नव्हते. १९६८ च्या त्या भयाण चित्रात खरे बळी कोण होते, हे यातून कळते.

या शोधामुळे लहान मुलांच्या उपचाराची सारी दिशा बदलली. पूर्वी विचार असा होता की वाकडी वाढ होण्यापेक्षा वाढच थांबलेली बरी, म्हणून लहान वयातच मणके एकमेकांना कायमचे सांधून टाकत. पाठ सरळ दिसे, पण छातीची उंची तिथेच गोठे. अशा मुलांची पुढे तपासणी झाली तेव्हा, छातीच्या बारा मणक्यांची मिळून उंची १८ सेंटिमीटरपेक्षा कमी राहिली होती त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची श्वासाची क्षमता अपेक्षेच्या निम्म्याहून खाली आढळली. टेक्सासमधले बालअस्थितज्ज्ञ रॉबर्ट कॅम्पबेल यांनी प्रश्नच नव्याने मांडला. ही छाती आतल्या फुप्फुसाला श्वास घेऊ देते का, वाढू देते का, हे आधी पाहा, असे ते म्हणत. बरगड्यांना टेकू देऊन मुलाबरोबर लांबवत नेता येईल असे टायटॅनियमचे उपकरण त्यांनी तयार केले. २००४ साली त्याला अमेरिकेत सरकारी मान्यता मिळाली. वाढणाऱ्या सळ्यांच्या आजच्या शस्त्रक्रियाही याच विचाराच्या वाटेवरच्या आहेत. पण मला याहून मोलाचे वाटते ते लंडनच्या मिन मेहता यांचे काम, कारण त्यात शस्त्र नाही. भूल देऊन बाळाच्या धडाला हलकेच सरळ करत प्लास्टर घालायचे, काही आठवड्यांनी बदलायचे, आणि बाळाच्या झपाट्याच्या वाढीलाच कणा सरळ करायला लावायचे, अशी ही पद्धत. २००५ साली त्यांनी १३६ मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. सरासरी १९ महिन्यांच्या वयात आलेल्या ९४ मुलांचा बाक पूर्ण गेला. सरासरी ३० महिन्यांच्या वयात आलेल्या ४२ मुलांचा तो कमी झाला, गेला नाही. दोन्ही गटांत अंतर अकरा महिन्यांचे. 'मोठा झाला की होईल सरळ' या आपल्या वाक्याची किंमत या अकरा महिन्यांत मोजता येते. काही बाळांचा बाक आपोआपही जातो, हे खरे. पण कोणाचा जाणार आणि कोणाचा वाढणार हे एक्स-रेवरून बऱ्याच अंशी सांगता येते. घरच्या अंदाजाने ते सांगता येत नाही.

भारतात या वयाचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे क्षयरोग. टीबी म्हणजे खोकला हे समीकरण आपल्या मनात पक्के असल्याने हाडांचा टीबी फार उशिरा लक्षात येतो. मणक्यात शिरलेला जंतू मणक्याचा पुढचा भाग खातो, मागचा भाग तसाच राहतो, त्यामुळे कणा पुढे कोसळतो आणि पाठीवर टोकदार कुबड येते. इंग्लंडचे पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या कुबडाचा आणि पाय लुळे पडण्याचा संबंध वर्णन केला, म्हणून त्याला आजही पॉटचे नाव आहे. औषधांनी हा टीबी बरा होतो, आणि इथेच आपली दिशाभूल होते. कोइमतूरचे डॉ. एस. राजशेखरन यांनी टीबीतून बरे झालेल्या मुलांचा पंधरा वर्षे मागोवा घेऊन दाखवले की रोग संपल्यावरही सुमारे ४० टक्के मुलांत कुबड वाढत राहिले, कारण मूल वाढत होते. मोठ्यांत रोग बरा झाला की बाक बहुतेक तिथेच थांबतो. वाढत्या कण्यात तो पुढची अनेक वर्षे वाढू शकतो. तो फारच वाढला तर छाती आखडतेच, शिवाय मज्जारज्जू ताणला जाऊन कित्येक वर्षांनी पाय अधू होऊ शकतात. कोणाचे कुबड वाढेल हे सुचवणाऱ्या एक्स-रेवरच्या खुणाही राजशेखरन यांनी नोंदवून ठेवल्या आहेत. म्हणून मणक्याचा टीबी झालेल्या मुलाची फाइल औषधाचा कोर्स संपला म्हणून बंद करणे बरोबर नाही. वाढ पुरी होईपर्यंत दरवर्षी त्याची पाठ पाहायला हवी.

यावर कोणी म्हणेल, किशोरवयातला बाक एवढा निरुपद्रवी असेल तर मुलींना वर्षानुवर्षे ब्रेसमध्ये, म्हणजे धडाला आवळून धरणाऱ्या साच्यात, का अडकवायचे, आणि दहा-दहा लाखांच्या शस्त्रक्रियांच्या गोष्टी कशाला करायच्या? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे की निरुपद्रवी ठरतो तो लहान बाक. वाढ पुरी होताना ३० अंशांच्या आत राहिलेला बाक पुढे सहसा वाढत नाही. छातीच्या भागातला बाक ५० अंशांच्या पुढे गेलेला असेल तर तो वाढ थांबल्यावरही वर्षाला साधारण एखादा अंश सरकत राहतो. वर्षाला एक अंश म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण विसाव्या वर्षीचा ५५ अंशांचा बाक या गतीने पन्नाशीत ८० च्या पलीकडे जातो, म्हणजे नेमका जिथे धाप सुरू होते तिथे. ब्रेसचा उपयोग या वाढीला थोपवण्यापुरता आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीत ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुले ५० अंशांच्या अलीकडे राहिली, नुसती देखरेख ठेवलेल्यांपैकी ४८ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. पण तीच चाचणी उलट बाजूनेही वाचावी असे मला वाटते. ब्रेस न घालताही जवळजवळ निम्मी मुले त्या रेषेच्या आत राहिली. म्हणजे प्रत्येक वाकड्या पाठीला ब्रेस आणि प्रत्येक ब्रेसनंतर शस्त्रक्रिया, असा सरधोपट मार्ग नाही. मुलीची पाळी सुरू झाली आहे का, उंची अजून झपाट्याने वाढते आहे का, सहा महिन्यांत कोन किती बदलला, यावर निर्णय ठरतो. आणि ब्रेस दिलाच तर तो दिवसातले निदान तेरा तास अंगावर राहिला तरच खरा लाभ देतो. खुंटीला टांगलेल्या ब्रेसने पाठ थांबत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. श्वासाचा हिशेब मांडताना दिसण्याचे दुःख क्षुल्लक ठरवले जाते का? तसे ठरू नये. स्वतःच्या शरीराची लाज बाळगत, सैल कपड्यांत पाठ लपवत काढलेली किशोरवयातली वर्षे ही त्या मुलीच्या आरोग्याचीच हानी आहे. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना हे कारण उघडपणे मोजावे, त्यात कमीपणा नाही. मात्र लग्नाच्या बाजारातल्या भीतीला वैद्यकीय सत्याचे रूप देऊ नये. सौम्य आणि मध्यम बाक असलेल्या स्त्रियांना गर्भधारणा आणि बाळंतपण सहसा इतरांसारखेच जाते. खूप मोठा बाक असून फुप्फुसांची क्षमता घटलेली असेल तर आधी तपासणी करावी लागते, आणि कमरेतून भूल देणे अवघड जाऊ शकते म्हणून भूलतज्ज्ञाला पूर्वकल्पना द्यावी लागते. एवढ्यावरून 'हिला मूल होणार नाही' इथपर्यंत उडी मारणाऱ्या नातेवाइकांना कोणतेही शास्त्र पाठीशी नाही.

हा बाक वेळेत सापडावा कसा? १८६५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी सांगितलेली युक्ती आजही पहिली तपासणी आहे. मुलाला पाय जुळवून, हात मोकळे सोडून कमरेत पुढे वाकायला सांगायचे आणि मागून पाठ पाहायची. एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर पुढे तपासायचे. जपानमध्ये १९७९ पासून शाळांत ही तपासणी कायद्याने होते. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २००४ मध्ये सरसकट शालेय तपासणीला विरोध केला होता, कारण किरकोळ बाक असलेल्या मुलांना विनाकारण एक्स-रे आणि भीती वाट्याला येते. २०१८ मध्ये तिने तो विरोध मागे घेतला, पण शिफारसही केली नाही. त्यांची शंका मी बाजूला सारत नाही, तरी आपली परिस्थिती वेगळी आहे. तिथे मुलाला दरवर्षी पाहणारा घरचा डॉक्टर असतो. इथे ताप आल्याशिवाय दवाखाना नाही. २०१३ साली पालघरला सुरुवात झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले पाहतात. त्यांच्या मूळ तीस आजारांच्या यादीत स्कोलिओसिसचे वेगळे नाव नाही. पण मूल समोर उभे असताना, सदरा काढून त्याला एकदा वाकायला लावायला अर्धा मिनिट पुरतो. हा अर्धा मिनिट शाळेपेक्षाही अंगणवाडीत जास्त मोलाचा आहे, हे वर मांडलेल्या पुराव्यावरून उघड आहे. फार लहान बाळाला वाकवता येत नाही, पण आंघोळ घालणाऱ्या हाताला पाठीचा एका बाजूचा फुगवटा लागतोच.

आता दुसरे टोक. साठी-सत्तरीतल्या बायकांची पाठ वाकते ती बहुतेकदा वयाने नव्हे, हाडे ठिसूळ होऊन मणके चेपल्याने. मणका मोडला म्हणजे पडझड झाली असली पाहिजे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात वाकून बादली उचलताना, खोकताना मणका चेपतो, आणि अशा मोडींपैकी बहुसंख्य कोणाच्या लक्षातही येत नाहीत. दुखले तर 'कंबर धरली' म्हणून तेल चोळले जाते. छातीच्या भागातला असा एकेक मणका चेपला की फुप्फुसांची क्षमता सुमारे ९ टक्क्यांनी घटते, असे मोजमाप आहे. बरगड्या खाली येऊन पोटाला टेकतात, पोटाला जागा उरत नाही, चार घासांत पोट भरते, जळजळ वाढते, वजन उतरते. कॅलिफोर्नियात वृद्धांचा मागोवा घेताना २००४ साली दिसले की खूप वाकलेल्या पाठीच्या माणसांत मृत्यूचे प्रमाण सरळ पाठीच्या समवयस्कांहून जास्त होते. साडी पूर्वीपेक्षा लांब वाटू लागली, फडताळाच्या वरच्या फळीला हात पुरेनासा झाला, तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने घटली, की मणक्यांचा एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. पहिली मोड झालेल्याला दुसरी होण्याचा संभव बराच वाढतो, आणि ती टाळण्याची औषधे उपलब्ध आहेत. सुनेला आणि मुलाला हे माहीत नसते, म्हणून आजी वाकत जाते.

कारण कोणतेही असो, छाती फार आखडली की शेवटचा गुंता रात्री सुरू होतो. झोपेत श्वास सर्वांचाच थोडा मंदावतो. निरोगी माणसाला ते कळतही नाही. पण पिळलेल्या छातीच्या माणसाच्या रक्तात तेवढ्याने कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. सकाळी डोके जड, दिवसा पेंग, उताणे झोपवत नाही, रात्रीत अनेकदा जाग, ही त्याची लक्षणे. ती कोणी पाठीशी जोडत नाही. वर्षे जातात तसा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो, हृदयाची उजवी बाजू थकते, पायांवर सूज येते, आणि मग रुग्ण हृदयविकाराचा म्हणून दाखल होतो. अशा रुग्णाला नुसता ऑक्सिजन लावला तर बोटावरच्या यंत्रातला आकडा सुधारतो, पण श्वास आणखी मंदावून कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. त्याला हवा असतो श्वासाला मागून ढकलणारा आधार. नाकावर मास्क लावून रात्रभर हवेचा दाब देणारे बायपॅप यंत्र हे काम करते. स्वीडनमध्ये घरी अशा यंत्रावर झोपणारे कायफोस्कोलिओसिसचे, म्हणजे दोन्ही बाक एकत्र असलेले, रुग्ण नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांपेक्षा जास्त काळ जगले, हे २००६ साली तिथल्या राष्ट्रीय नोंदींतून दिसले. ही यंत्रे आज महाराष्ट्रातल्या शहरांत भाड्यानेही मिळतात. त्याआधी गरज असते ती धमनीतल्या रक्ताच्या एका तपासणीची, आणि ती लिहून देण्याआधी डॉक्टरांनी रुग्णाला पाठमोरे उभे करून पाहण्याची.